चार टक्के फरक म्हणजे दोन प्रजाती का? वाळवंटी भुंगेरे आणि डीएनएचा निवाडा

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे चालले आहे ते ध्यानात राहील. वाळूच्या तीन टेकड्या आणि त्यांच्या शेजारच्या खडीच्या मैदानातल्या तीन जागा, अशा सहा ठिकाणांहून तुम्ही ६४ भुंगेरे गोळा केलेत. सगळे काळे, सगळे न उडणारे. जुन्या ओळखतालिकेत घालून पाहिले तर सगळे एकाच नावावर येऊन थांबतात. मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा क्रम काढला, तेव्हा मात्र सरळ दोन गट पडले: टेकड्यांवरचे एकीकडे, मैदानातले दुसरीकडे. दोन गटांत फरक ४.२ टक्के, गटांच्या आत दीड टक्क्यापर्यंत. 'फरक तीन टक्क्यांहून जास्त, तर प्रजाती वेगळ्या' हा नियम लावून दोन प्रजाती जाहीर कराव्यात असे तुमच्या मनात आहे. त्यात एका सॉफ्टवेअरने सात प्रजाती सांगितल्या आणि घोळ वाढला. आणि शेवटी एक छोटा प्रश्न: डीएनएसाठी पाय काढायचा तर कुठला?

४.२ टक्क्यांच्या जोरावर दोन प्रजाती जाहीर करू नका. त्या दोन नाहीतच, असेही मी म्हणत नाही. कदाचित असतील. पण तुमच्याकडे आत्ता जो पुरावा आहे तो 'हे दोन समूह बराच काळ वेगळे राहिले आहेत' इथपर्यंतच नेतो. तिथून 'या दोन प्रजाती आहेत' इथपर्यंत जायला वेगळी वाट आहे, आणि ती प्रयोगशाळेपेक्षा टेकडीच्या पायथ्याकडून जाते.

वाळवंटातले काळे भुंगेरे ओळखायला इतके अवघड का, हे आधी बोलू. तुमचे किडे टेनेब्रिओनिडी कुळातले आहेत. या कुळात वीस हजारांहून अधिक प्रजातींची नोंद आहे, आणि कोरड्या प्रदेशात पिमेलिनी या उपकुळाचे राज्य चालते. यांच्यातल्या बहुतेकांची वरची कठीण पंखकवचे मधोमध जुळून एकसंध ढाल झालेली असते, खालचे पंख नाहीसे झालेले असतात. ढालीखाली हवेची पोकळी राहते, पोटाची श्वासछिद्रे त्या पोकळीत उघडतात, आणि श्वासाबरोबर जाणारी वाफ तिथेच बरीचशी अडते. पाणी वाचते, उडणे जाते. हा सौदा सगळ्यांनीच केल्यामुळे सगळे एकमेकांसारखे दिसू लागतात. वाळूत राहणाऱ्यांच्या पायांवर लांब केस येतात, पावले रुंद होतात. खडीवर धावणाऱ्यांचे पाय लांब आणि सडपातळ होतात. हे बदल वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा झाले आहेत. म्हणून 'पायावर केस आहेत, म्हणजे हा त्या जीनसमधला (जवळच्या प्रजातींच्या गटातला)' हा तर्क वाळवंटात फार वेळा तोंडघशी पाडतो.

आकाराचेही तेच. अळीला खायला कमी मिळाले की तीच प्रजाती निम्म्या आकाराची निघते. रंगावर तर जाऊच नका. सोनोरन वाळवंटातला अस्बोलस व्हेरुकोसस कोरड्या हवेत निळसर-पांढरा दिसतो, कारण अंगावर मेणाचे बारीक तंतू उगवलेले असतात. हवा दमट झाली की तोच किडा काळा. अल्कोहोलमध्ये टाकलात तर मेण विरघळते आणि जन्मभर काळाच राहतो. संग्रहालयाच्या एकाच पेटीत निळे आणि काळे शेजारी टाचून ठेवलेले पाहिले की नवशिक्याला दोन प्रजाती दिसणारच.

चुकीची ओळख कुठवर जाते याचे एक उदाहरण या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. नामिब वाळवंटातला भुंगेरा पाठीवरच्या उंचवट्यांनी धुक्यातले पाणी टिपतो, असा लेख २००१ साली 'नेचर'मध्ये आला. त्यावरून पाणी गोळा करणारे पृष्ठभाग बनवण्याची लाटच आली. लेखात किड्याला स्टेनोकारा म्हटले होते. पुढे नामिबमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्या अभ्यासकांनी दाखवले की तो फिसोस्टर्ना या दुसऱ्याच जीनसमधला होता. धुके अंगावर घेऊन पाणी पिण्यासाठी प्रसिद्ध असलेला किडा तर तिसराच, ओनिमॅक्रिस अंग्विक्युलॅरिस. तो टेकडीच्या माथ्यावर डोके खाली करून उभा राहतो, हे १९७६ सालीच छापून आले होते. तरीही स्टेनोकारा हे नाव आजपर्यंत लेखालेखांतून फिरते आहे. नाव चुकले की पुढचे सगळे त्या चुकीच्या खात्यावर जमा होत राहते.

आता तुमचा आकडा. प्रजाती ओळखण्यासाठी सीओआयचा जो ठरलेला तुकडा वाचतात त्याला बारकोड म्हणतात; तो डीएनएच्या ६५८ अक्षरांचा. ४.२ टक्के म्हणजे त्यातली साधारण २८ अक्षरे वेगळी. तुमचे दोन क्रम एकाखाली एक मांडा आणि ही २८ अक्षरे कुठे आहेत ते डोळ्यांनी पाहा. सॉफ्टवेअरला विचारू नका, स्वतः मोजा. तीन-तीन अक्षरांचे गट पाडले की जवळपास सगळे फरक तिसऱ्या अक्षरावर पडलेले दिसले पाहिजेत, कारण तिसरे अक्षर बदलले तरी बहुधा प्रथिन तेच राहते. फरक पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या अक्षरांवर सारखे विखुरलेले असले, तर तुम्ही पाहताय ते खरे सीओआय नव्हे, अशी शंका घ्या. त्याकडे पुढे येतो.

या २८ अक्षरांना किती काळ लागला असेल? कीटकांसाठी जुना, फार वापरला गेलेला दर म्हणजे दहा लाख वर्षांत २.३ टक्के फरक. २०१० साली एजियन समुद्रातल्या बेटांवरच्या टेनेब्रिओनिडी भुंगेऱ्यांवरून, म्हणजे तुमच्याच कुळावरून, सीओआयसाठी ३.५४ टक्के हा दर निघाला. तिथे समुद्राची खंदक पडून बेटे दुभंगल्याचा भूशास्त्रीय काळ माहीत होता, त्यावर घड्याळ लावले होते. पहिल्या दराने तुमचे गट सुमारे १८ लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले, दुसऱ्याने १२ लाख. मी दुसरा धरीन. पण हे वय जनुकाच्या दोन शाखांचे आहे, दोन समूहांचे नव्हे. समूह वेगळे होण्याच्या आधीपासूनच त्यांच्यात दोन प्रकारचे मायटोकॉन्ड्रिया असू शकतात, म्हणून समूहांची फारकत नेहमी जनुकाच्या फारकतीहून अलीकडची असते.

तीन टक्क्यांचे काय? २००३ साली पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी बारकोडची कल्पना मांडली, तेव्हा पतंगांच्या माहितीवरून त्या आसपासचा उंबरठा सुचवला होता. पतंग उडतात. वाऱ्याबरोबर कुठल्या कुठे जातात, दूरदूरच्या समूहांची जनुके सतत ढवळली जातात, म्हणून प्रजातीच्या आतला फरक लहान राहतो. तुमचा भुंगेरा चालतो. त्याची सगळी वंशावळ चालत आली आहे. शेजारच्या टेकडीपर्यंत मधे दोन मैल खडी असली तर त्याच्या दृष्टीने ते दुसरे बेट. अशा प्राण्यात एकाच प्रजातीच्या दोन टोकांच्या समूहांत तीन, चार, कधी त्याहूनही जास्त टक्के फरक सापडणे नवल नाही. उलट बाजूही आहे: नुकत्याच वेगळ्या झालेल्या दोन अस्सल प्रजातींत एक टक्काही फरक नसतो. म्हणून उंबरठा वापरायचाच तर पेट्या वेगळ्या करण्यापुरता वापरावा, नाव देण्यासाठी नाही.

आणि सात प्रजाती सांगणारे ते सॉफ्टवेअर. तुम्ही वापरलेली जीएमवायसी ही पद्धत मुळात भुंगेऱ्यांवरच घडली. ऑस्ट्रेलियातल्या खाऱ्या तळ्यांच्या काठी रिव्हासिंडेला नावाचे व्याघ्रभुंगेरे राहतात. त्यांतल्या बहुतेकांना नावेच नव्हती. २००६ सालच्या कामात चारशेहून अधिक किड्यांच्या मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएवरून वंशवृक्ष काढला, आणि वृक्षात फांद्या फुटण्याचा वेग कुठे एकदम वाढतो तो बिंदू शोधला. बिंदूच्या आधीचे फाटे प्रजातींचे, नंतरचे एकाच प्रजातीच्या आतल्या नातेसंबंधांचे. कल्पना सुंदर आहे, आणि निनावी गटात पहिला अंदाज बांधायला मी आजही ती वापरतो.

पण ही पद्धत धरून चालते की एका प्रजातीच्या आत सगळे एकमेकांशी सारखेच मिसळतात. चालणारे किडे तसे मिसळत नाहीत. टेकडी क्रमांक एकवरचे आपापसांत जवळचे, दोनवरचे आपापसांत. मग पद्धतीला प्रत्येक टेकडी ही प्रजाती वाटू लागते. सहा ठिकाणे, सात प्रजाती, हा आकडा पाहूनच तुम्हाला हसू यायला हवे होते. तुमच्या सॉफ्टवेअरने प्रजाती मोजल्या नाहीत, जागा मोजल्या. अनेक जनुके घेणाऱ्या जास्त चांगल्या पद्धतींचीही यातून सुटका नाही. २०१७ साली सुकुमारन आणि नोल्स यांनी हे गणिताने मांडून दाखवले: या पद्धती समूहांची रचना हुडकतात, आणि रचनेला प्रजाती म्हणायचे की नाही हे त्यांना कळत नाही. तो लेख आल्यावर बऱ्याच जणांना आपली जुनी कामे पुन्हा उघडून बघावी लागली.

त्यात मीही होतो. सुरुवातीच्या काळात एका टेकड्यांच्या रांगेच्या दोन टोकांवरून मी किडे आणले. मधला भाग गाडी जात नव्हती म्हणून सोडला. टोकांचे दोन गट इतके स्वच्छ वेगळे निघाले की शंकाच आली नाही; नवे नाव देण्याचा मसुदाही तयार झाला. दोन हंगामांनी एक सहकारी पायी मधल्या भागात गेला आणि चार जागांचे किडे घेऊन आला. पहिल्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत फरक पायरीपायरीने वाढत गेलेला. जी दरी मला दिसली होती ती निसर्गात नव्हती, माझ्या नमुन्यात होती. नाव छापून गेले नव्हते, एवढेच नशीब.

तेव्हा तुमच्या बाबतीत पहिले काम हे करा: सहाही जागांतली प्रत्येक जोडी घेऊन, अंतर आडव्या अक्षावर आणि डीएनएतला फरक उभ्या अक्षावर, असा साधा आलेख काढा. टेकडी-टेकडी जोड्या एका रंगात, मैदान-मैदान दुसऱ्यात, टेकडी-मैदान तिसऱ्यात. सगळे ठिपके एकाच चढत्या रेषेवर बसले तर तुमचे दोन गट हा बहुधा अंतराचा खेळ आहे. पण जवळजवळच्या टेकडी-मैदान जोड्यांतही फरक ४ टक्क्यांवरच असेल, आणि लांबच्या दोन टेकड्यांतला त्याहून खूप कमी असेल, तर मग खरेच काहीतरी आहे. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते. म्हणूनच सुरुवातीला 'कदाचित असतील' म्हटले.

त्याआधी क्रम स्वच्छ आहेत ना, ते तपासा. इथे अक्षरशः 'ध'चा 'मा' होतो. मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएचे तुकडे उत्क्रांतीच्या ओघात केंद्रकात जाऊन बसतात आणि तिथे निकामी होऊन पडून राहतात. त्यांना न्यूमट म्हणतात. तुमचे प्रायमर, म्हणजे हवा तो तुकडा पकडणारे डीएनएचे छोटे धागे, खऱ्या जनुकाऐवजी या भुताला चिकटू शकतात. खुणा ओळखू येतात: क्रम ६५८ ऐवजी ६५७ अक्षरांचा भरतो, मधेच प्रथिन बनवणे थांबण्याचा संकेत येतो, किंवा क्रम वाचणाऱ्या यंत्राच्या आलेखात एकाच जागी दोन शिखरे एकावर एक चढलेली दिसतात. दोन शिखरे दिसली की यंत्राने सुचवलेले अक्षर निमूट घेऊ नका, तो नमुना बाजूला काढा. मात्र थांबण्याचा संकेत शोधताना सॉफ्टवेअरमध्ये अपृष्ठवंशी मायटोकॉन्ड्रियाची भाषांतरसारणी (कुठल्या तीन अक्षरांचा प्रथिनात काय अर्थ, ते सांगणारी) निवडली आहे ना ते पाहा. नेहमीच्या सारणीत टीजीए म्हणजे 'थांब'. कीटकांच्या मायटोकॉन्ड्रियात टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन हा प्रथिनाचा एक घटक. दर वर्षी कुणीतरी विद्यार्थी घाबरून येतो की सगळे क्रम खराब निघाले, आणि दर वर्षी सारणी चुकीची निघते.

दुसरा उपद्व्याप वोल्बाकियाचा. पेशीत राहणारा हा जिवाणू आईकडून अंड्यातून पिल्लांत जातो, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्याच गाडीतला प्रवासी. संसर्ग एखाद्या समूहात झपाट्याने पसरला की त्याच्याबरोबरचा मायटोकॉन्ड्रियाही सगळीकडे पसरतो आणि खरा इतिहास पुसला जातो. टेनेब्रिओनिडी कुळातल्या पिठातल्या किड्यात, ट्रायबोलियम कन्फ्युझममध्ये, वोल्बाकिया चांगलाच माहितीचा आहे. तुमच्या किड्यांत नसेल असे धरू नका. प्रत्येक जागेचे पाच-सहा नमुने घेऊन त्याची चाचणी करणे अवघड नाही. शिवाय जवळच्या प्रजातींत क्वचित संकर होऊन मायटोकॉन्ड्रिया एकीतून दुसरीत जातो. जपानमधल्या ओहोमोप्टेरस या जमिनीवरच्या भुंगेऱ्यांत हे इतके झाले आहे की मायटोकॉन्ड्रियाचा वृक्ष आणि प्रजातींचा वृक्ष जुळतच नाहीत. शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरे, पण शीत त्याच भांड्यातले हवे.

म्हणून केंद्रकातली जनुके. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाचा निकाल इथेच लागेल.

समजा केंद्रकातल्या एका जनुकात एक जागा अशी सापडली की टेकडीवाल्यांत तिथे सी आहे आणि मैदानवाल्यांत टी. केंद्रकातल्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. म्हणून शुद्ध टेकडीवाला सीसी, शुद्ध मैदानवाला टीटी, आणि दोघांचे मूल सीटी. आता टेकडी जिथे संपते आणि खडी जिथे सुरू होते, त्या शंभर पावलांच्या पट्ट्यात जा आणि वीस किडे पकडा. समजा त्यांत दोन्ही मायटोकॉन्ड्रिया निम्मेनिम्मे निघाले. हे सगळे एकमेकांशी बिनभेदभाव जुळत असते, तर त्या जागी सुमारे दहा किडे सीटी निघायला हवेत. आणि निघाले शून्य? मग एकाच सापळ्यात पडणारे, एकाच झुडपाखाली दिवस काढणारे हे किडे एकमेकांशी जुळत नाहीत. दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या स्वतंत्र जनुकातही हेच दिसले, तर मला आणखी काही विचारायचे उरणार नाही, मायटोकॉन्ड्रियातला फरक ४ टक्के असो की अर्धा. दोन्ही प्रकार अगदी एकाच ठिकाणी, तरी अलग, हा जनुकशास्त्राने देता येणारा सर्वांत बळकट पुरावा आहे. उलट दहा-अकरा सीटी निघाले, तर ४.२ टक्के विसरा: जुना दुरावा मिटून समूह पुन्हा एक झाले आहेत. आणि दोन-तीनच निघाले, बाकी शुद्ध, तर तो सीमेवरचा संकर. तिथे मात्र तज्ज्ञ आपसात भांडतात, आणि त्या भांडणाला मी इथे हात घालत नाही.

तुमच्या ६४ नमुन्यांत या पट्ट्यातला एकही नाही. सगळे टेकडीच्या माथ्यावरचे किंवा मैदानाच्या मध्यावरचे. नेमकी जिथे साक्ष मिळायची तिथेच कुणी गेलेले नाही.

जनुके कोणती निवडावीत? २८एस हे जनुक सगळ्यांच्या हाताशी असते, पण ते फार सावकाश बदलते. दोन चांगल्या प्रजातींतही ते अक्षरन् अक्षर सारखे असू शकते, म्हणून त्यात फरक नाही याचा अर्थ काढू नका. विंगलेस, सीएडी, आर्जिनिन कायनेज ही या कुळात रुळलेली जनुके. यांतून काहीतरी हाती लागते. पैसे असतील तर डीडीरॅड या पद्धतीने जीनोमभर, म्हणजे किड्याच्या सगळ्या डीएनएभर, विखुरलेल्या हजारो जागा एकदम मिळतात, आणि सीटीचा खेळ एका जागेवर न खेळता हजारांवर खेळता येतो. जुने, वाळलेले, डीएनए तुटलेले नमुनेही घ्यायचे असतील तर डीएनएतले फारसे न बदलणारे ठराविक भाग पकडणारी यूसीई पद्धत बरी, ती लहान तुकड्यांवरही चालते. संपूर्ण जीनोमच्या मागे लगेच लागू नका. या कुळातले जीनोम पुनरावृत्तीने भरलेले असतात. टेनेब्रिओ मोलिटरमध्ये १४२ अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि जीनोमचा फार मोठा भाग त्यानेच व्यापलेला आहे. गुणसूत्रे मोजण्याचा मोह कुणाला झाला तर सांगतो: या कुळात बहुतेकांची वीसच असतात, त्यातून फारसे काही निघत नाही.

एक सावधगिरी. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो आणि त्याची एकच प्रत चालते, त्यामुळे दोन समूह अलग झाल्यावर त्याच्यातले जुने प्रकार लवकर गळून पडतात. केंद्रकातल्या जनुकांना साधारण चौपट वेळ लागतो. म्हणजे केंद्रकाची जनुके अजून मिसळलेली दिसली तरी कधी कधी ती जुनी शिल्लक असते, चालू संकर नव्हे. दोन्हींतला भेद कळण्यासाठीच सीमेवरचे आणि सीमेपासून लांबचे, दोन्ही नमुने लागतात. मिसळण सीमेजवळ जास्त आणि लांब कमी, तर संकर. सगळीकडे सारखीच, तर शिल्लक.

समूह एकमेकांना भेटतच नसतील तर? मग हा पुरावा मिळणारच नाही, आणि निर्णय तुमच्या तारतम्यावर येतो. याचे टोकाचे उदाहरण पुन्हा ऑस्ट्रेलियातले, आणि तेही वाळवंटातल्या पाणभुंगेऱ्यांचे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात जमिनीखाली चुनखडीचे पाणथर आहेत, एकमेकांपासून तुटलेले. त्यांत आंधळे, बिनपंखी पाणभुंगेरे राहतात. शंभराच्या आसपास प्रजाती सापडल्या आहेत, आणि जवळपास प्रत्येक पाणथराच्या आपल्या वेगळ्या. भूभाग कोरडा पडत गेला तसे वरचे पाणी आटले आणि हे खाली अडकले. तिथे दोन पाणथरांतले किडे भेटतील का, हा प्रश्नच गैरलागू आहे. मात्र त्याच कामात डीएनएने एक गोष्ट निःसंशय करून दिली: अळ्या कुठल्या प्रौढाच्या ते जुळवले. तुम्हीही हे करा. वाळूतल्या अळ्या आत्तापर्यंत कुणी ओळखत नसेल, तर प्रौढांचे क्रम हाताशी असताना हे फुकटात होते, आणि माझ्या मते एखादे नवे नाव देण्याइतकेच ते मोलाचे आहे.

डीएनएने गट नक्की केले की पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे जा. आधी सगळे सारखे दिसत होते, कारण कुठे पाहायचे ते ठाऊक नव्हते. आता दोन ढीग वेगळे करून नराचे जननेंद्रिय, मागच्या पायांची लांबी, पंखकवचाच्या कडेवरचे दाणे, स्पर्शिकांच्या शेवटच्या कांड्या यांची तुलना करा. डीएनएने आधीच वेगळ्या केलेल्या गटांत नंतर काहीच बाह्य फरक सापडला नाही, असे माझ्या कामात फार क्वचित घडले आहे. मोजमाप करणाऱ्याला मात्र कुठला किडा कुठल्या गटातला हे सांगू नका. एकदा कळले की डोळे फरक शोधून काढतातच.

नाव देण्याची वेळ आली तर नवे नाव सुचण्याआधी जुनी पालथी घाला. या किड्यांची कितीतरी नावे एकोणिसाव्या शतकात दिली गेली, एकेका नमुन्यावर, लेबलवर नुसता प्रदेश लिहून. तुमच्या दोन गटांपैकी एकाला जुने नाव लागू आहे. पण कुठल्या? जो टाइप नमुना, म्हणजे ज्या किड्यावरून मूळ नाव दिले तो, संग्रहालयात आहे तो टेकडीचा की मैदानाचा? शिवाय पुढे कुणीतरी मैदानवाल्यांना वेगळे नाव दिलेले असेल आणि नंतर ते समानार्थी म्हणून गाडून टाकले असेल, तर तेच उकरून काढावे लागेल. टाइप नमुन्याचा पाय कुणी देणार नाही. पण बाहेरून काही न बिघडवता डीएनए काढण्याच्या पद्धती आता आहेत. तेही जमले नाही तर मूळ लेखातल्या जागेवरून ताजे किडे आणून तुलना करा. आणि प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार फरक शब्दांत लिहिलेला लागतो. क्रम नुसता डेटाबेसमध्ये टाकून भागत नाही. डीएनएतली अक्षरे फरक म्हणून द्यायला हरकत नाही, पण कुठल्या जागी कुठले अक्षर, हे वाक्यात लिहा.

पुढच्या फेरीसाठी सामानाचे दोन शब्द. मारायला इथाइल ॲसिटेट वापरू नका, डीएनए खराब होते. फॉर्मेलिन तर पेटीतही ठेवू नका. सरळ ९५-९६ टक्के इथेनॉलमध्ये टाका. मोठा भुंगेरा मात्र अखंड टाकला तर ढालीतून अल्कोहोल आत शिरतच नाही आणि आतून तो कुजतो. पोटाच्या बाजूने एक चीर द्या, किंवा पाय वेगळा करून त्याची स्वतंत्र कुपी करा. किड्याच्या अंगातल्या पाण्याने इथेनॉल पातळ होते, म्हणून दुसऱ्या दिवशी बदला. अल्कोहोलमध्ये टाकण्यापूर्वी फोटो, मेणाचा रंग जाण्याआधी. सापळे सहा जागी पुन्हा लावण्यापेक्षा टेकडीच्या माथ्यापासून मैदानाच्या मध्यापर्यंत एका सरळ रेषेत लावा, आणि मधल्या पट्ट्यात दाट.

आणि पाय कुठला? इतर कीटकांत छातीतले उडण्याचे स्नायू काढतात, तुमच्यात ते नाहीतच. त्यामुळे पायाच्या मांडीतला स्नायू हाच चांगला. पुढचा नको, नराची लक्षणे बऱ्याचदा पुढच्या पावलांवर असतात. मागचा नको, त्याची लांबी मोजायची आहे. मधला, आणि सगळ्या किड्यांत उजवाच, म्हणजे डावी बाजू सगळ्यांची शाबूत राहील. वाळू आणि माइट्स ब्रशने झाडून घ्या, मांडी मधोमध कापा, प्रथिने विरघळवणारे प्रोटीनेज के घालून रात्रभर ५६ अंशांवर ठेवा. सकाळी उरलेले पोकळ कवच फेकू नका, त्याच किड्याच्या टाचणीखाली डकवा, आणि लेबलवर कुपीचा क्रमांक पेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये उतरते.